पंचगंगेवरचे पाच टेक

माझा आवाज चांगला आहे. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त नाकारत नाही. सदतीस वर्षं मी काशीत पंचगंगा घाटावर बसतो, नाशिक-साताऱ्याकडून येणाऱ्या यात्रेकरूंची तीर्थश्राद्धं चालवतो, आणि संकल्प सांगताना माझी जीभ एकदाही अडखळलेली नाही. म्हणजे त्या दिवसापर्यंत नव्हती. त्यामुळे माझी पुतणी शरदिनी येऊन म्हणाली, "काका, माझ्या फिल्ममध्ये गुरुजींचा रोल तुम्ही करायचा," तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. हिला हे सुचायला सहा वर्षं का लागली, याचं मात्र वाटलं.

सहा वर्षं ती ही फिल्म करत होती. मागे कंपनी नाही, शेठ नाही. पोटासाठी ती लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापून-जोडून देते आणि उरलेल्या वेळात स्वतःचा सिनेमा करते. कॅमेरा मिळाला तर माणसं नसायची, माणसं जमली तर गंगेला पूर. आमच्या ब्रह्माघाटच्या घरातल्या सगळ्या पांढऱ्या चादरी ऊन परतवायला म्हणून गेल्या. माझी खुर्ची एका प्रसंगात खिडकीपाशी दिसली होती, तो प्रसंग अर्धवट राहिला, म्हणून ती तिथून हलवायची नाही असा हुकूम निघाला. मी दोन वर्षं स्टुलावर बसून पेपर वाचला.

सिनेमाची गोष्ट एका ओळीची. नाशिकचा एक मुलगा बापाचं श्राद्ध करायला काशीत येतो आणि त्याच्या लक्षात येतं की आपल्याला आपला बाप फारसा माहीतच नाही. ना मारामारी, ना गाणं. मी विचारलं, "हे बघणार कोण?" ती म्हणाली, "तुम्ही." तिच्या या असल्या उत्तरांनीच घरात कुणी तिला जास्त विचारत नाही.

आता एकच प्रसंग उरला होता, शेवटचा. मुलगा घाटावर बसतो, गुरुजी संकल्प सांगतात, पिंड गंगेत जातो, संपलं. हा प्रसंग माघातल्या एका गुरुवारीच व्हायला हवा होता. मुलाचं काम करणारा श्रीनिवास रेल्वेत कारकून. त्याची बदली थेट गुंटकलला झाली होती आणि शुक्रवारी सकाळी त्याची गाडी होती. प्रसंगासाठी त्याने डोकं तर भादरून घेतलंच, मिशीही उतरवली. त्याचे वडील दुर्गाकुंडावर खणखणीत जिवंत. बाप असताना मिशी काढली म्हणून आई दोन दिवस जेवली नाही आणि बाप सगळ्यांना सांगत सुटला की मुलगा माझ्या मरणाची रंगीत तालीम करतोय. अशी मिशी दुसऱ्यांदा कोण काढू देणार? गुरुवार हुकला की फिल्म हुकली. शरदिनी तसं बोलली नाही, पण आदल्या रात्री ती जेवताना पोळीऐवजी पेन्सिल चावत होती, ते मी बघितलं.

आता विसूबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

विश्वेश्वर म्हणजे शरदिनीचा बाप, माझा धाकटा भाऊ. घरात विसू. आमच्याकडे चार पिढ्या पौरोहित्य. हा मुगलसरायला रेल्वेत चिकटला आणि कुठल्याशा गोऱ्या प्रवाशाकडून एक जुना आठ एमएमचा कॅमेरा घेऊन आला. त्याची रिळं बनारसमध्ये मिळत नसत आणि मिळाली तर परवडत नसत. म्हणून हा गृहस्थ रीळ नसलेला कॅमेरा डोळ्याला लावून घाटावर तासन्‌तास शूटिंग करायचा. म्हशी, नावा, पतंग, माझी शेंडी. एकदा भर घाटावर मी त्याला म्हटलं, "अरे शहाण्या, आत रीळ नाही. हे कुणाला दिसणार आहे?" कॅमेरा डोळ्यावरून न काढता त्याने विचारलं, "आणि दादा, तू रोज पिंड देतोस, ते कुणाला पोचलेलं बघितलंस?"

समोर साताऱ्याचे यजमान बसलेले! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानंतर एका घरात राहून आम्ही भावाभावांनी बोलणं ठेवलं ते 'आमटी वाढ' आणि 'दार लाव' एवढंच. सहा वर्षांपूर्वी तो गेला. उशाखाली चिठ्ठी निघाली. 'माझ्यामागे कोणतेही विधी करू नयेत. दादाला विशेष करून सांगावे.'

ते 'विशेष करून' मला फार लागलं. नको तर नको! मणिकर्णिकेवर नेलं, तिथून परतलो आणि हात झटकले. सगळ्या जगाची श्राद्धं केली, सख्ख्या भावाचं केलं नाही. विचारायला आलेल्यांना सांगायचो, त्याची इच्छा. खरं म्हणजे माझा राग होता.

असो. तर गुरुवार.

आमच्या सौभाग्यवतींनी, प्रेमलाने, सकाळी विचारलं, "पिंड किती करू?" मी म्हटलं, "एकाच माणसाचं आहे, एक कर." तिने पाच केले. का विचारलं तर म्हणाली, "तुम्ही आहात ना तिथे."

युनिट म्हणजे काय, तर चार माणसं आणि एक नाव. शरदिनी दिग्दर्शक. नीलकंठ कॅमेऱ्यावर, उंच, मितभाषी, उज्जैनचा. लतिका आवाजाचं यंत्र गळ्यात अडकवून, कानांवर मोठी झाकणं लावून. श्रीनिवास भादरलेल्या डोक्याने कुडकुडत. आणि नावेत बचाऊ मल्लाह, कारण पाण्यातून दिसणारा घाट हवा होता तो सकाळी घेऊन झाला होता आणि बचाऊला घरी जायचं नव्हतं.

वेळेवरून भांडण आधीच झालेलं. नीलकंठला पहाटेचं धुकं हवं होतं. मी सांगितलं, पहाटे श्राद्ध करायचं असेल तर दुसरा गुरुजी बघा, जमलं तर दुसरी काशीही. श्राद्ध दुपारचं. तो म्हणाला, "गुरुजी, घाट पूर्वेकडे तोंड करून आहे. दुपारी वरच्या मशिदीची सावली उतरायला लागली की माझा उजेड गेला." मी म्हटलं, "मग सावलीला सांग." शिवाय शरदिनीच्या वहीत एक कावळाही होता, पिंडाला शिवणारा. तोही मी काढायला लावला. हे तीर्थश्राद्ध आहे, दहावा नव्हे. इथे कावळ्याची वाट बघत नाहीत. पितरांना आवाहनसुद्धा करत नाहीत, तीर्थावर ते आधीच येऊन बसलेले असतात.

साडेबारा वाजता आम्ही पायऱ्यांवर बसलो. शरदिनीने पिवळा मफलर घट्ट केला आणि विचारलं, "साउंड?"

"चालू आहे," लतिका म्हणाली.

"कॅमेरा?"

"चालू आहे," नीलकंठ.

मी श्रीनिवासच्या बोटात दर्भाचं पवित्र घातलं, तळहातावर पाणी घेतलं, आणि सुरू केलं. अविमुक्तवाराणसीक्षेत्रे, आनंदवने, महाश्मशाने, भागीरथ्याः पश्चिमे तीरे. संवत्सर, मास, तिथी, वार. अगदी मजेत चाललं होतं. मग मी विचारलं, "वडिलांचं नाव?"

"केशव," श्रीनिवासने वहीतलं नाव सांगितलं.

"गोत्र?"

श्रीनिवासने शरदिनीकडे बघितलं. शरदिनी म्हणाली, "काका, काहीही म्हणा. आपण नावावर नंतर घंटा टाकणार आहोत, ऐकूच येणार नाही."

मी हातातलं पाणी बाजूला ओतलं. "काहीही? संवत्सर खरं, तिथी खरी, गंगा खरी, आणि माणूस खोटा? हा केशव कधी मेला? जन्मला कधी? गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणण्याची सोय आहे. माणूसच नसेल तर कसली सोय? हा पिंड जाणार कुणाकडे?"

"कॅमेऱ्याकडे," नीलकंठ पुटपुटला.

"काका, ही ॲक्टिंग आहे," शरदिनी म्हणाली.

"श्रीनिवासची असेल. मी ॲक्टिंग करत नाही. संकल्प खोटा सोडता येत नाही, बस."

तिने डोकं धरलं. सगळं युनिट माझ्याकडे असं बघायला लागलं, जसं मीच केशवला मारलं. मलाही थोडं वाईट वाटलं. म्हणून तोड मीच काढली, आणि ती काढल्याचा मला अभिमान आहे. श्राद्ध प्रतिनिधीकडून करवून घेता येतं. हात श्रीनिवासचा, मृत मात्र दुसऱ्या कुणाचा तरी आणि खराखुरा. त्यामुळे श्रीनिवासच्या जिवंत बापाचाही प्रश्न मिटला. मी विचारलं, "कुणाचं कोण गेलेलं आहे? बोला."

मग नीलकंठने हळूच हात वर केला. "माझे आजोबा. नारायण. गोत्र भारद्वाज."

"झालं तर! आणखी दोन गोष्टी ऐकून ठेवा. एक, पाणी सोडलं की विधी पुरा करायचा, मध्ये 'कट' नाही. दोन, एका माणसाच्या वतीने एका दिवसात एकच श्राद्ध. पुन्हा करायचं झालं तर नवा माणूस, नवं नाव."

शरदिनीने युनिट मोजलं. मला दिसलं ते, बोटांवर. "म्हणजे टेक किती मिळणार ते तुम्ही ठरवणार?"

"मी नाही. तुमच्यातले गेलेले."

पहिला टेक फार सुंदर चालला. नारायणरावांचा पिंड दर्भावर ठेवला, तीळ-पाणी दिलं, श्रीनिवासच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. एवढ्यात वरच्या पायरीवरून एक बकरी उतरली. थंडीत बनारसच्या बकऱ्या कुणाचे तरी जुने स्वेटर घालून हिंडतात. हिचा लाल होता, एक बाही लोंबत होती. ती शांतपणे चौकटीत आली, तिने पिंड खाल्ला, दर्भही खाल्ला, आणि कॅमेऱ्याकडे बघून कान हलवले.

"कट!" शरदिनी ओरडली.

"कट नाही," मी म्हटलं. "पिंड गाईला, बकरीला, अग्नीला किंवा पाण्याला द्यावा, असं शास्त्रच आहे. आजोबा तृप्त झाले. विधी उत्तम झाला." आणि मी उरलेलं सगळं, शेवटच्या आचमनापर्यंत, निगुतीने पुरं केलं. पंचवीस मिनिटं. नीलकंठ आजोबांसाठी हात जोडून उभा होता, त्यामुळे कॅमेरा बंद करायलाही कुणी नव्हतं.

दुसरं नाव लतिकाने दिलं. इंदू, तिची आत्या. लग्न केलं नाही, भावाची पोरं वाढवली, गेल्यावर तिचं करायला कुणी उरलं नाही. लतिका हे अगदी कोरड्या आवाजात बोलली. पण मी संकल्पात 'इंदू' म्हटलं तेव्हा ते तिच्या कानांवरच्या झाकणांतून थेट आत गेलं असणार. त्याच वेळी नदीतून एक मोटारबोट भकाभका करत गेली. आवाज बिघडला की हात वर करायचा, हे लतिकाचं काम. ती हात वर करायच्या ऐवजी ओढणीने डोळे पुसत बसली. टेक संपल्यावर म्हणाली, "सॉरी, बोट होती. मला ऐकू आली. पण मी आत्याला थांबवू शकले नाही."

शरदिनीने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि सावलीकडे बघितलं. सावली वरच्या मढीपर्यंत, त्या दगडी ओट्यापर्यंत, आली होती.

तिसरं नाव बचाऊने नावेतूनच ओरडून दिलं. बापाचं, बुद्धू मल्लाह, गोत्र काश्यप. "पंडितजी, बाबू एही घाट पर नाव खेवत रहलन. करा, हमार भी हो जाए." मी केलं. मन लावून केलं. याच घाटावर नाव वल्हवणाऱ्या बुद्धूने मला पोहायला शिकवलं होतं. टेकही उत्तम चालला, बोट नाही, बकरी नाही. पिंड उचलायच्या क्षणी बचाऊ ओल्या पायांनी वर चढून आला आणि श्रीनिवासला खेटून, हात जोडून बसला. चौकटीच्या बरोबर मधोमध.

"बचाऊभाई, आप फ्रेम में हैं!" शरदिनी कळवळली.

"त?" बचाऊ म्हणाला. "बाबू क नाम लेहल जात हौ, आ हम नाव में बइठल रहीं?"

बापाचं नाव चाललेलं असताना त्याला नावेत बसून राहायचं नव्हतं. मी त्याच्याही हातावर तीळ ठेवले आणि विधी पुढे चालवला.

चौथं नाव मी दिलं. माझे गुरुजी, ज्यांनी मला संथा दिली, ते निपुत्रिक होते. आणि इथे एक गोष्ट मला प्रामाणिकपणे कबूल केली पाहिजे, कारण शरदिनी ती सगळ्यांना सांगतेच. चौथा टेक मी घालवला. सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललेलं असताना श्रीनिवासने पवित्र सरकवून मधल्या बोटात घातलेलं मला दिसलं, आणि गुरुजींचं श्राद्ध असताना असला गलथानपणा माझ्याने बघवेना. मी त्याच्या हातावर चापट मारली आणि ओरडलो, "अनामिका! अनामिका! बारा वर्षं शाळेत काय शिकलास?"

लतिका म्हणते, तो आवाज अजूनही तिच्याकडे जपून ठेवलेला आहे.

सव्वातीन वाजले होते. सावली पाण्याला टेकली. नीलकंठ कॅमेऱ्यातली बॅटरी काढून हातावर चोळत होता, जणू उबेने तिच्यात जीव येणार. दोन बॅटऱ्या संपल्या होत्या, ही तिसरी आणि शेवटची, आणि तीही अर्धी. आमच्या घरची वीज सकाळपासून गेलेली. त्याला तीन मिनिटांचा प्रसंग हवा होता आणि मी प्रत्येक वेळी पंचवीस मिनिटं घेत होतो. हे त्याने मला सांगितलं नाही. माझ्याकडे बघून उसासा टाकला, तेवढंच.

"पिंड एक राहिलाय," मी म्हटलं. "नाव?"

श्रीनिवासला बाप जिवंत असल्यामुळे अधिकार नव्हता. नीलकंठ, लतिका, बचाऊ, मी, आमची सगळ्यांची नावं देऊन झालेली. पूर्वी म्हणे सिनेमावाल्यांची रिळं संपायची. आमची मेलेली माणसं संपली होती. म्हणजे एकाच माणसाचं राहिलं होतं, आणि ते कोणतं ते आम्हाला दोघांनाही साडेबारापासून माहीत होतं.

शरदिनी माझ्यासमोर पायरीवर उकिडवी बसली. "विश्वेश्वर," ती म्हणाली. "गोत्र तुम्हाला माहीत आहे."

"त्याला नको होतं."

"माहीत आहे."

"चिठ्ठी लिहून ठेवली होती त्याने. मला विशेष करून."

"काका, बाबांना श्राद्ध नको होतं. शूटिंग नको, असं ते आयुष्यात कधी म्हणाले होते का?"

सहा वर्षं. बाप गेला आणि त्याच वर्षी हिने ही फिल्म काढली. बापाचं श्राद्ध करायला आलेल्या मुलाची. माझ्या घरात, माझ्या चादरी घेऊन, माझ्या खुर्चीसमोर ती सहा वर्षं हे करत होती आणि मी स्टुलावर बसून पेपर वाचत होतो. इतका मठ्ठ माणूस पंचगंगेवर दुसरा नसेल.

"बस जागेवर," मी श्रीनिवासला म्हटलं. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा निघाला.

"साउंड?"

"चालू आहे."

"कॅमेरा?"

"चालू आहे."

अविमुक्तवाराणसीक्षेत्रे. आनंदवने. महाश्मशाने. जीभ आपली आपण चालत होती. भागीरथ्याः पश्चिमे तीरे. संवत्सर, मास, तिथी, वार, गोत्र. मग नावाची जागा आली आणि मी थांबलो. शब्द माहीत होता. विश्वेश्वरशर्मणः, सात अक्षरं आणि एक विसर्ग. तो येईना. घाटावर कुठे धोबी कपडे आपटत होता तेवढं ऐकू येत होतं. मला ती पायरी दिसत होती जिथे तो कॅमेरा डोळ्याला लावून उभा होता. शेवटी माझ्या तोंडून निघालं ते निघालं.

"विसू," मी म्हणालो.

मग घसा खाकरून नीट नाव घेतलं, पाणी सोडलं, आणि पुढचं सगळं व्यवस्थित केलं. श्रीनिवास फार छान वागला, सगळी बोटं जागच्या जागी. बकरी आली नाही, बोट आली नाही, बचाऊ वल्हं मांडीवर घेऊन बसून राहिला. पिंड गंगेत गेला, थोडा तरंगला, बुडाला. मी आचमन केलं. सगळं झालं.

'कट' म्हणायचं ते शरदिनीने, आणि ती मफलरमध्ये तोंड घालून रडत होती. मीही रडत होतो, लपवण्यात अर्थ नाही. लतिका यंत्र सांभाळत डोळे मिटून बसलेली. असं किती वेळ बसायचं? म्हणून आयुष्यात पहिल्यांदा मीच म्हटलं, "कट."

नीलकंठने कॅमेऱ्याचा डोळा सोडला. "शरदिनी," तो म्हणाला, "बॅटरी गेली."

"आत्ता?"

"संकल्पातच. गुरुजी 'पश्चिमे तीरे' म्हणाले आणि गेली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? मध्ये कट नाही, असं ठरलं होतं." तो खाली बघत बोलत होता. "मी डोळा काढला नाही. बंद कॅमेऱ्यातूनच शेवटपर्यंत बघत राहिलो."

हे माझ्यामुळे झालं होतं, माझ्या पंचवीस-पंचवीस मिनिटांमुळे. मी म्हणालो, "पुन्हा करू."

सगळे माझ्याकडे बघू लागले. एका दिवसात एकच, हा नियम कुणाचा होता ते सगळ्यांना माहीत होतं. मी म्हणालो, "प्रेमलाकडून पिंड आणवतो. बॅटरी कुणाकडे तरी चार्ज करू. त्याचंच पुन्हा करू. पाप लागलं तर मला लागेल."

आणि शरदिनी हसायला लागली. आधी मफलरमध्ये, मग मोठ्याने, डोळ्यांतलं पाणी न पुसता. "नको काका," ती म्हणाली. "बाबांचं शूटिंग रीळ नसतानाच व्हायचं."

"आणि शेवट? तुझी फिल्म?"

तिने लतिकाकडे बघितलं. लतिकाने झाकणं कानांवरून काढली. "माझ्याकडे सगळं आहे," ती म्हणाली. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

श्रीनिवास शुक्रवारी गुंटकलला गेला. आता म्हणे त्याने पहिल्यापेक्षा जाड मिशी ठेवली आहे.

फिल्म त्याच वर्षी गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये दाखवली. शे-सव्वाशे माणसं होती, निम्मी आरतीनंतरच्या प्रसादाला थांबलेली. मी पुढून दुसऱ्या रांगेत बसलो. माझी खुर्ची पडद्यावर आली तेव्हा मी प्रेमलाला कोपराने ढोसलं. शेवटच्या प्रसंगात घाट दिसला, पायऱ्या, श्रीनिवासचा गुळगुळीत माथा, माझा हात आणि त्यातलं पाणी. 'भागीरथ्याः पश्चिमे तीरे' असा माझा आवाज आला आणि पडदा काळा झाला.

"लाइट गेली!" मागून कुणीतरी ओरडलं. बनारसच्या माणसाला काळोखात दुसरं काही सुचत नाही. लोक हसले, कुणी शिट्टी मारली, खुर्च्या सरकल्या. पंखे फिरत होते, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या मागे श्रीनिवासचे वडील उठून पायाने चप्पल शोधायला लागले. "चला, झालं," ते म्हणाले. "आता जनरेटर येईपर्यंत काही खरं नाही."

काळोखात माझा आवाज चालला होता. संवत्सर. मास. तिथी. वार. गोत्र. मी घंटेची वाट बघत होतो. नावावर घंटा टाकणार असं तिने म्हटलं होतं. घंटा वाजलीच नाही. धोबी कपडे आपटत होता, बचाऊच्या नावेला पाणी लागत होतं, आणि मी काही बोलत नव्हतो.

मी मागे वळलो आणि श्रीनिवासच्या वडिलांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"बसा हो," मी म्हटलं. "चालू आहे."